उडाले नाहीत ते, उडवलेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीच्या पहिल्याच पानावर भिगवणच्या फ्लेमिंगोंचा अर्धं पान भरून फोटो होता. शंभर-दीडशे पक्षी एकदम हवेत, पंखांचा तो लाल-काळा रंग, आणि वर मथळा गुलाबी रांगोळी का असंच काहीतरी. फोटो छान आहे, खोटं कशाला बोलू, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत चार जणांनी टाकला. पण मी तो चष्मा लावून नीट बघितला तर डाव्या कोपऱ्यात खाली नावेचं टोक दिसतंय, आणि सगळेच्या सगळे पक्षी त्या टोकाकडे पाठ करून चाललेत. म्हणजे उडाले नाहीत ते, उडवलेत.

लिहू का नको ह्यात तीन दिवस गेले. शेवटी लिहितेय. पत्र लांबलंय, कापा हवं तर, फक्त उजनीचा, म्हणजे भिगवणचं पाणी ज्या धरणाचं आहे त्याचा, भाग तेवढा कापू नका.

फोटो काढणाऱ्यावर माझा राग नाहीये, कारण हाच उद्योग मी स्वतः केलाय. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही भिशीतल्या सहा जणी भिगवणला गेलो होतो, पहाटे साडेचारला कोथरूडहून निघालो, सोलापूर हायवेने शंभरेक किलोमीटर, उजाडता उजाडता कुंभारगावला पोचून नावेत बसलो. मुलीने तिचा जुना कॅमेरा आणि १००-४०० ची झूम लेन्स मला दिली होती, ती गळ्यात. फ्लेमिंगो होते, पण लांब, आणि सगळ्यांच्या माना पाण्यात. ते डोकं उलटं करून चरतात ना, चोचीतून पाणी आणि चिखल गाळून खातात, त्यामुळे फोटोत तोंडच येत नाही, काठ्यांवर उश्या ठेवल्यासारखं दिसतं. मीच म्हणाले, दादा जरा जवळ घ्या ना. घेतली. अजून जरा. घेतली. मग आमच्यातली एक म्हणाली उडाले असते तर काय मजा आली असती, आणि दादांनी वल्हं फाडकन पाण्यावर आपटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, हो, खरंच वाजवल्या. मी बटण दाबून धरलं होतं, घरी येऊन मोजले तर ४३ फोटो, आणि त्या ४३ मध्ये एकही चेहरा नाही, सगळ्या शेपट्या. तेव्हा मला वाटलं माझं नशीब खराब. घाबरलेला पक्षी आपल्यापासून लांबच उडणार, आपल्याकडे कशाला येईल, एवढी साधी गोष्ट डोक्यात यायला मला पुढची दोन वर्षं आणि अंदमानचं विमानतिकीट लागलं.

ह्या जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला गेलो. पुण्याचा माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेल बघायला, आम्हीही तेच केलं, सावरकरांच्या कोठडीपुढे ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं, संध्याकाळचा लाइट अँड साऊंड शो झाला. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम झालंय पण टॅक्सीवाल्यापासून होटेलवाल्यापर्यंत सगळे ब्लेअरच म्हणत होते. पुढे नील बेटावर चार दिवस मुक्काम, म्हणजे आताचं शहीद द्वीप. हेच बेट निवडलं कारण लहान आहे, शांत आहे, आणि ह्यांना स्कूबा वगैरे करायचं नव्हतं.

पहिल्या सकाळची फजिती सांगते कारण ती पुण्यातल्या प्रत्येकाची होणार आहे. एसी रूममधून कॅमेरा घेऊन बाहेर आले तर लेन्सवर धुकं. पुसलं, परत धुकं. बाहेरची हवा इतकी दमट की गार काचेवर लगेच बाष्प धरतं, फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखं, आणि ते पुसून जात नाही, काच बाहेरच्याइतकी गरम झाली की आपोआप जातं, अर्धा तास बसा. दुसऱ्या रात्रीपासून कॅमेऱ्याची बॅग चेन लावून बाथरूममध्ये ठेवली, तिथे एसी नव्हता.

त्या अर्ध्या तासाने तसं काही बिघडलं नाही कारण पाण्याचा हिशोबही चुकला होता. माझं माहेर रत्नागिरीकडचं, आजीचं गणित मला पाठ, तिथी धरायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. त्या दिवशी चतुर्थी होती, म्हणजे तीनला भरती, नवाला ओहोटी, म्हणून मी आरामात साडेआठला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर पोचले तर पाणी चांगलंच चढत होतं आणि खडक निम्मे बुडालेले. होमस्टेचा मालक हसला, म्हणाला ओहोटी तर कधीच होऊन गेली. आजीचा हिशोब कोकणपट्टीचा, प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ निराळी, अंदमानात तो चांगला दोन तासांनी चुकत होता. आता एवढं वय झालं तरी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, मला वाटायचं चंद्र सगळीकडे एकच तर भरतीही एकच.

त्याच्याकडून नीट वेळ घेतली. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तर दुसऱ्या दिवशी साडेसातची आणि तिसऱ्या दिवशी सव्वाआठ-साडेआठची. आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर जाऊन उपयोग नाही, पाणी उतरत असताना जायचं, कारण पक्षी उतरत्या पाण्याच्या कडेकडेने पुढे सरकत खातात. चिखलातले किडे, खेकडे, खडकातल्या खळग्यात अडकलेले मासे, हे सगळं उघडं पडतं ते तेवढ्या तासांत, मग परत बुडतं. आपल्यासारखं भूक लागली की फ्रीज उघडला असं नाही त्यांचं. पाणवठ्यातल्या लांब पायांच्या पक्ष्यांचं सगळं जेवण पाण्याच्या टाइमटेबलवर असतं आणि समुद्रावर ते टाइमटेबल दिवसाउजेडी एकदा, फार तर दोनदा येतं.

तर दुसऱ्या दिवशी पावणेसहाला, म्हणजे उजाडता उजाडता, मी एकटी. हे झोपलेले. देवघरातलं बसकर घरून नेलं होतं, ते वाळूवर टाकलं आणि त्यावर मांडी घातली, कारण मुलीने सांगितलं होतं की उभं राहून काढलास तर पक्षी पायाखाली दिसतो, त्याच्या डोळ्याच्या उंचीला ये. ह्या वयात उंचीला येणं म्हणजे खाली बसणं आणि खाली बसणं म्हणजे परत उठता येईल का हा प्रश्न, तो नंतर बघू म्हटलं. सूर्य पाठीमागे. वाराही पाठीमागे हवा, ते मला तिथेच कळलं, पक्षी उडतो आणि उतरतो तो वाऱ्याला तोंड देऊन, तेव्हा वारा आपल्या पाठीवर असला तर तो आपल्याकडे तोंड करून उतरतो. हे एवढं भिगवणच्या नावेत कोणी मला सांगितलं असतं तर ४३ शेपट्या वाचल्या असत्या.

वीसेक मिनिटं काही नाही. समोर ओले खडक, मधे डबकी. मग एक खडक हलला. पाटीसारखा काळा-राखाडी बगळा, त्याचा रंग आणि खडकाचा रंग एकच, आणि पाय आपल्या बगळ्यांपेक्षा आखूड, पिवळट. रीफ हेरॉन. गंमत म्हणजे ह्याच जातीत काही पक्षी पूर्ण काळपट असतात आणि काही पूर्ण पांढरेशुभ्र, वेगळी जात नाही, नर-मादी असाही फरक नाही, नुसता रंग. आपल्या कोकणात जो काळा बगळा खडकांवर दिसतो तो ह्याचाच चुलतभाऊ, त्याच्यातही हे दोन रंग आहेत, आणि लहानपणी आम्ही त्याला घाण झालेला बगळा म्हणायचो.

तो दबकत होता. मान आत ओढून, पाय वाकवून, पोट जवळजवळ खडकाला लावून, एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं, आणि त्या थांबण्यात माझे दोन्ही पाय झोपले. मधेच पंख अर्धवट उघडून तिरका पळाला, चोच मारली, चुकली, परत पहिल्यासारखा. आपण बकध्यान हा शब्द ढोंगी माणसासाठी वापरतो, बगळेभगत म्हणतो, पण जरा बसून बघा हो, त्यात ढोंग कसलं, तो बिचारा दहा वेळा चोच मारतो तेव्हा दोन-तीनदा काहीतरी मिळतं. तिथे किनाऱ्याच्या वाटेवर एक चहाची टपरी आहे, टपरीवाले काका बंगाली, नीलवर बरेचसे लोक फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून वसवलेले आहेत. ते बगळ्याला बोक म्हणतात. आपला बक तो त्यांचा बोक. मी त्यांना बकध्यान सांगितलं तर म्हणाले आमच्याकडेही आहे, बोकधार्मिक म्हणतात.

पहिले शंभर फोटो वाया गेले हेही सांगून टाकते. पांढऱ्या वाळूवर काळा बगळा आला की कॅमेरा वाळूचा उजेड बघून सगळं अंधारं करतो आणि बगळ्याचा नुसता कोळसा होतो, तिथे एक्सपोजर प्लस एक करावं लागतं. थोड्या वेळाने पांढरा बगळा काळ्या खडकावर आला तर नेमकं उलटं, कॅमेरा अंधार बघून उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळून सपाट होतात, रिन लावलेल्या बनियनसारखी, तिथे मायनस करायचं. जळलेलं पांढरं नंतर कॉम्प्युटरवर कितीही डोकं आपटलं तरी परत येत नाही. चोच मारतानाचा क्षण पकडायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही जलद ठेवलं, उडताना दोन हजाराव्या. आणि सव्वाआठ-नऊनंतर सरळ कॅमेरा बंद, कारण वाळू तापली की हवा थरथरायला लागते, तव्यावरच्या हवेसारखी, मग लेन्स दोन लाखांची असली तरी फोटो धुरकटच येतो. तिकडे तसंही सगळं लवकर, घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्याआधी, संध्याकाळी साडेपाचला अंधार.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मी त्याच जागी त्याच बसकरावर दुसऱ्यांदा बसले तेव्हा, तो काळा बगळा चरत चरत माझ्याकडे यायला लागला. मी काही केलं नाही, पाण्याची कड माझ्या बाजूला वळत होती आणि तो कडेने येत होता. चाळीस पावलं, तीस, वीस. लेन्स मागे ओढावी लागली. मग टपकन थांबला, मान सरळ उंच केली, आणि चरणं बंद. माझ्याकडे बघतोय. मला तेव्हा भिगवण आठवलं. तिथेही असंच झालं होतं, आधी एका फ्लेमिंगोची मान वर आली होती, मग दहा जणांच्या, मग सगळा थवा माना वर करून एका दिशेला चालायला लागला होता, आणि आम्ही म्हणालो होतो बघा बघा कसे परेड करतायत. ती परेड नव्हती हो. मान वर म्हणजे जेवण थांबलं. चालायला लागले म्हणजे आता पुरे झालं, जा. वल्हं आपटायच्या आधी त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि खाली बघत बसले. मिनिटभराने त्याची मान आत गेली आणि तो परत दबकायला लागला. तो फोटो माझ्याकडे आहे, चोचीत डोळ्याएवढा मासा, आणि डोळ्यात माझ्या मागचा उजेड. तेवढ्यात मागून एक ग्रुप आला, मराठीच, आवाजावरून पुण्याचाच, त्यातल्या एका मुलाने अरे बगळा बगळा करत त्याच्या दिशेने धाव मारली, मोबाइल समोर धरून. बगळा गेला. मुलगा परत येताना मला म्हणाला, काकू तुम्हाला मिळाला का उडतानाचा. मी काय बोलणार, दोन वर्षांपूर्वी मीच होते ती.

परतीच्या दिवशी विमानाला वेळ होता तर टॅक्सीवाला म्हणाला तुम्हाला पक्षी आवडतात ना, सिप्पीघाटला नेतो. शहराजवळच आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उथळ पाणी, मधे वाळलेल्या झाडांचे नुसते बुंधे, आणि पक्षी म्हणजे विचारू नका. तुतारी, चिखल्या, वाकड्या चोचीचे व्हिम्ब्रेल, सोनेरी ठिपक्यांचे प्लोव्हर जे उन्हाळ्यात सैबेरिया-अलास्काकडे अंडी घालतात. मी लगेच कॅमेरा काढला. टॅक्सीवाला बोनेटला टेकून उभा, म्हणाला ही चुलत्याची भातशेती होती. २००४ च्या २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा इकडची जमीनच खाली बसली, मीटरभर वगैरे, आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं ते परत गेलंच नाही. लाट ओसरली पण जमीन वर आली नाही. चुलता आता शहरात वॉचमन आहे. हे तो अगदी साध्या आवाजात सांगत होता आणि मी व्ह्यूफाइंडरमधून त्याच्या चुलत्याच्या शेतातला व्हिम्ब्रेल बघत होते. पाच-सात फोटो काढले आणि मग नाही काढवले.

आणि मग विमानात बसल्यावर लक्षात आलं की भिगवण तरी दुसरं काय आहे. भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये झालं, त्याच्या पाण्याखाली किती गावं गेली, इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांतली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाण्यात आहे, पाणी फार उतरलं की वर येतं आणि मग तुमच्याच पेपरात त्याचा फोटो येतो. आपण ज्याला बॅकवॉटर म्हणून पिकनिकला जातो ती कुणाची तरी मळी होती. त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांनी नावा पर्यटकांसाठी लावल्या त्यात त्यांचं काय चुकलं, चार महिन्यांचा सीझन असतो. मी आल्यावर फेब्रुवारीत परत गेले, मुद्दाम, एकटी, आणि नाववाल्या दादांना आधीच सांगितलं की मला उडालेले नकोत, तुम्ही लांबच थांबवा आणि वारा बघून थांबवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हॉटेलात जाऊन उपाशी बसायला टेबल मागितलंय. म्हणाले, "मॅडम, आमाला बी नगं असतंय उडवायला, पन पाखरू उडलं न्हाय तर मानसं म्हंत्यात पैसं वाया गेलं." म्हणजे मागणी आपली आहे, आणि ती मागणी तयार कुठून होते तर रविवारच्या पुरवणीतून. भिशीत त्या दिवशी उडवा म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये पेपरातलं कात्रण होतं, मी पाहिलंय.

त्या दिवशी दोन तास बसलो आम्ही, नाव चिखलाला लावून. दादांनी विडी पण नाही पेटवली. फ्लेमिंगो लांबच राहिले पण शेकाट्या दहा फुटांवर आले, ते काळ्या-पांढऱ्या कोटातले, लाल काड्यांच्या पायांचे, आणि गॉडविटचा एक थवा आला, आपल्याकडे पाणटिवळा म्हणतात, चोच चिखलात मुळापर्यंत खुपसून शिवणाच्या मशीनसारखे टकटक टकटक. ह्यांचा एक भाऊबंद, पट्टेरी शेपटीचा गॉडविट, अवघं पाच महिन्यांचं पिल्लू, २०२२ मध्ये अलास्काहून निघाला तो ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरला, त्याच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. आपले पाणटिवळे तेवढं नाही उडत पण हिमालय ओलांडून उत्तरेला जातातच, मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्याचं सगळं पेट्रोल ते फेब्रुवारी-मार्चमध्ये ह्याच चिखलातून भरतात, नेमकं जेव्हा आपल्या नावा सगळ्यात जास्त असतात. एकदा उडवलं की उडण्यात गेलं ते गेलं आणि परत उतरून धीर येईपर्यंतचं जेवणही गेलं, आणि सीझनला रविवारी सकाळी किती नावा असतात ते स्वतः जाऊन बघा.

आता उजनीचं, ज्यासाठी मी वर विनंती केली. अंदमानात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. आपल्या पुणे-सोलापूरकडची ओहोटी वर्षातून एकदा आणि ती तुम्ही रोज छापता, फक्त तिला धरणसाठा म्हणता. पावसाळ्यात उजनी भरतं, खडकवासल्यातून सोडलेलं, आपल्या मुळा-मुठेतून वाहिलेलं, त्यात आपण बेसिनमध्ये ओतलेलं काय काय मिसळून, सगळं तिकडेच जातं. तेव्हा काठ तुडुंब, लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायलाही जागा नाही. मग हिवाळ्यापासून पाणी उतरत जातं, चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात, आणि पक्षी पाण्याच्या कडेने सरकत सरकत खातात, हुबेहूब नीलच्या बगळ्यासारखे, फक्त तो दोन तासांत जे अंतर चालतो ते हे चार महिन्यांत चालतात. तुमच्याकडे हेडिंग येतं उजनी मायनसमध्ये, लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं. एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातलं ६३ च्या वर नुसता मृतसाठा, म्हणजे तळाचं, टक्क्यांत न धरलेलं पाणी, तेव्हा शून्य टक्के म्हटलं तरी पाणी केवढं असतं. सोलापूरकरांसाठी मायनस ही वाईटच बातमी आहे, त्यांच्या नळाचा आणि उसाचा प्रश्न आहे, त्यात आनंद मानणाऱ्यांतली मी नाही. पण पाणी किती उतरलं की चिखल कुठे उघडा पडतो हे भिगवणच्या नाववाल्यांना तोंडपाठ आहे, तर त्यांच्यातल्या कुणाला आठवड्यातून एकदा फोन करून धरणसाठ्याच्या चौकटीखाली दोन ओळी का नाही छापत, ह्या आठवड्यात कुठल्या बाजूला चिखल आहे, कोणते पक्षी आहेत, कुठे काठावरूनच दिसतायत आणि नावेची गरज नाही. लोकांना काठावरून दिसतं हेच माहीत नसतं. गाडी लावून बसकर टाकून बसलं तर नावेतून दिसतं त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि पुण्यातल्या पुण्यात मुळा-मुठेकाठी कवडीपाटला तर दुर्बीणसुद्धा लागत नाही, वास सहन झाला म्हणजे झालं.

फोटो छापूच नका असं मी म्हणत नाहीये. उडतानाचेही छापा, पक्षी आपले आपण उडतातच की, संध्याकाळी मुक्कामाला जाताना, ससाणा आला की, वारा फिरला की. फक्त फोटो पाठवणाऱ्याला एकदा विचारा, कुठून काढला, नाव किती लांब होती, ते कशाने उडाले. आणि उत्तर फोटोखाली छापा, एका ओळीत. बातमीदाराला तुम्ही विचारता ना कोणी सांगितलं, कुठून कळलं, मग फोटोला का नाही. बक्षीस असलेल्या स्पर्धेत तर हे विचाराच.

जाता जाता नावांबद्दल, कारण ते माझ्या मनात फार दिवस आहे. तुमच्याकडे पाय लांब असलेला प्रत्येक पक्षी एकतर फ्लेमिंगो असतो नाहीतर सारस. डिसेंबरात जो फ्लेमिंगो म्हणून छापला तो चित्रबलाक होता, चोच पिवळी, लांब आणि फक्त टोकाशी जराशी वाकलेली होती हो, फ्लेमिंगोची मधूनच वाकलेली असते. सारस आपल्या राज्यात गोंदिया-भंडाऱ्याकडे थोडेसे उरलेत, ते पुण्याला कुठून येणार. आणि दरवेळी परदेशी पाहुणे, परदेशी पाहुणे. चित्रबलाक इथलाच, शेकाट्या इथलाच, भिगवणला झाडांवर बलाकांची घरटी असतात. जे बाहेरून येतात ते सुद्धा ऑगस्ट-सप्टेंबरला येऊन एप्रिलला जातात, म्हणजे वर्षाचे सात-आठ महिने इथे आणि राहिलेले तिकडे, आमच्या शेजारच्यांचा अमेरिकेतला मुलगा पंधरा दिवसांसाठी येतो त्याला आपण पाहुणा म्हणत नाही. मारुती चितमपल्लींसारख्या माणसाने आयुष्यभर फिरून पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली, फासेपारध्यांकडून, कोळ्यांकडून, आदिवासींकडून, ती नावं वापरायला पैसे पडत नाहीत. वंचक म्हणा, तुतारी म्हणा, चिखल्या म्हणा. नाव माहीत नसेल तर लांब पायांचा पक्षी असं लिहा, चालेल.

सोबत एक फोटो मेल केलाय, फेब्रुवारीतला, भिगवणचा. त्यात काहीही उडत नाहीये. एक पक्षी चिखलात उभा आहे, एक पाय वर घेतलाय, आणि पायाला लागलेला चिखल थेंबाथेंबाने खाली पडतोय. नाव दहा फुटांवर, चिखलाला टेकलेली, तो स्वतः चालत आला. रविवारच्या पुरवणीला तो फारच साधा वाटेल, हे म्हणाले कोण छापणार हा. नाही छापलात तरी माझं काही म्हणणं नाही. पण छापलात तर खाली फ्लेमिंगो लिहू नका, तो शेकाट्या आहे.

आपली नेहमीची वाचक,
कोथरूड, पुणे